ऑइल कॅप बदलूनही पुन्हा पुन्हा ऑइल झिरपतंय? कॅप तपासा, आणि इंजिनचा श्वासही

बॉनेट उघडलं की ऑइल कॅपच्या भोवती काळपट, चिकट ओल. पुसून टाकली तर पंधरा दिवसांत परत हजर. गॅरेजमध्ये दाखवलं की उत्तर ठरलेलं, "कॅपचं रबर गेलंय, नवीन टाका." नवीन कॅप बसते, महिनाभर सगळं कोरडं राहतं आणि मग पुन्हा तीच ओल. माझ्या पेट्रोल गाडीत हे जवळजवळ वर्षभर चाललं. दोन कॅप बदलल्या, मधे टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंगही बदललं आणि शेवटी दोष निघाला बोटाएवढ्या पीसीव्ही व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे इंजिनच्या आत साठणारा वायू बाहेर काढणाऱ्या झडपेत. हीच तक्रार घेऊन कुणी बसलं असेल तर त्याचे हेलपाटे वाचावेत, म्हणून मी ज्या क्रमाने तपासायला हवं होतं त्या क्रमाने लिहितोय.

सुरुवात कॅपच्या कामापासून. ओतायच्या भोकावरचं बूच, ऑइल उडू नये म्हणून, एवढंच ते काम नाही. सिलिंडरमध्ये इंधन जळतं तेव्हा त्या वायूचा थोडा भाग पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीत, उतरतो. नव्याकोऱ्या इंजिनातही उतरतो. याला ब्लो-बाय म्हणतात. तो बाहेर काढला नाही तर आत दाब साठतो आणि दाब साठला की ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. पूर्वी हा वायू एका नळीतून सरळ खाली रस्त्यावर सोडत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, प्रदूषणाने बेजार झालेल्या कॅलिफोर्नियापासून, ती पद्धत मागे पडायला लागली आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. इंजिन स्वतःच्याच इनटेकच्या ओढीने हा वायू खेचून घेतं आणि पुन्हा जाळतं. म्हणून आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) असलेल्या धडधाकट पेट्रोल इंजिनात कॅपच्या खाली बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी दाब असतो.

आता याचा अर्थ बघा. आत ओढ असेल तर सैल कॅप मुख्यतः हवा आत घेईल. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ती ओढ जवळजवळ संपते आणि कॅमशाफ्टवरून (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या वरच्या दांड्यावरून) उडणारं ऑइल खराब रबरातून थोडं झिरपू शकतं, हे खरं. पण चांगल्या रबराच्या नव्या कॅपखालूनही महिनाभरात ऑइल बाहेर येत असेल, तर ते आतून कुणीतरी ढकलतंय. माझ्याकडे दुसऱ्या कॅपच्या वेळीच ही शंका यायला हवी होती.

ऑइल नक्की कॅपमधूनच येतंय ना?

हे ठरवल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. ऑइल गळतं एका ठिकाणी आणि दिसतं दुसऱ्या ठिकाणी. ते उतारावरून खाली जातं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे पसरतं. टॉपअप करताना फनेलमधून सांडलेले चार थेंबसुद्धा कित्येक दिवस गळतीसारखे दिसतात. त्यामुळे आधी इंजिन गार असताना कॅप, तिचं तोंड आणि टॅपेट कव्हरच्या कडा डिग्रीझर लावलेल्या फडक्याने पूर्ण स्वच्छ करा. वायरिंगच्या कनेक्टरवर फवारा मारू नका, फडकंच वापरा. सगळं कोरडं झालं की कॅपच्या भोवती आणि कव्हरच्या कडेला टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. शंभरेक किलोमीटर गाडी चालवून परत बघा. पावडरमध्ये ओली रेघ जिथून सुरू होते तिथे गळती आहे.

रेघ कॅपच्या घेरातून निघाली तर पुढे वाचा. कॅपचा घेर कोरडा आणि कव्हरची कड ओली असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग बघायला हवं. स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर बहुतेक वेळा त्या नळीचं सील गेलेलं असतं. मात्र कॅपची ओल वरून वाहत जाऊन त्याच खड्ड्यात साचते असंही होतं, त्यामुळे वरून खाली या क्रमानेच बघा. माझं टॅपेट कव्हरचं पॅकिंग विनाकारण बदललं गेलं, कारण पावडर न लावता नुसत्या नजरेने निदान झालं होतं.

एका बाबतीत मात्र चालढकल करू नका. सिग्नलला थांबल्यावर केबिनमध्ये जळकट वास येत असेल किंवा बॉनेटच्या फटीतून निळसर धूर दिसत असेल, तर ते ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडतंय. मॅनिफोल्ड शेकडो अंश तापतो. तिथे पडलेलं ऑइल पेट घेऊ शकतं. अशी गाडी आधी स्वच्छ आणि कोरडी करा, मगच चालवा.

कॅप हातात घेऊन

इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. तोंडाभोवतीची धूळ आधी पुसा, नाहीतर कॅप काढताना ती सरळ कॅमशाफ्टवर पडते. कॅप दोन प्रकारच्या असतात. काही पाव फेऱ्यात अडकतात, काहींना आटे असतात. दोन्हींत खरं काम करते ती रबराची रिंग.

रिंगवर नखाने दाबा. चांगलं रबर दबतं आणि लगेच पूर्ववत होतं. नखाची खूण तशीच राहिली, किंवा रबर दबायलाच तयार नसेल, तर रिंग संपली. गोल असायला हवी ती रिंग चपटी झाली असेल, रिंग हलकी ताणल्यावर बारीक भेगा उघडत असतील, तरीही बदलायचीच. बऱ्याच रिंगा नायट्राइल रबराच्या असतात. इंजिन ऑइल एरवीच ९० ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि वर्षानुवर्षं तेवढ्या उष्णतेत नायट्राइल कडक होत जातं. याच्या उलट, रिंग फुगून खाचेतून बाहेर आलेली, लिबलिबीत दिसली तर ती चुकीच्या रबराची असते, किंवा कुणीतरी पेट्रोलने धुतलेली असते.

कॅप ठीक वाटली तरी तोंडाकडे दुर्लक्ष करू नका. हल्ली बहुतेक टॅपेट कव्हर प्लॅस्टिकची असतात. कॅप बसते त्या काठावरून नख फिरवा. केसाएवढी चीर, झिजलेली खाच, वाळून चिकटलेला जुना सीलंट हे नजरेला दिसत नाही, नखाला कळतं. चपट्या पॅकिंगच्या कॅपमध्ये कधीकधी जुनं पॅकिंग तोंडालाच चिकटून राहतं आणि नवी कॅप त्याच्यावर बसवली जाते. दोन रबरांचा थर नीट बसत नाही आणि गळती पहिल्या दिवसापासून सुरू होते.

कॅप बसवताना शेवटच्या टप्प्यात बोटांना रबर दाबल्याचा विरोध जाणवला पाहिजे आणि मग कॅप थांबली पाहिजे. पूर्ण फिरवूनही ती लुटुलुटु हलत असेल तर रिंग दबून गेली आहे, खाच झिजली आहे किंवा कॅप या इंजिनची नाही.

बदलायची असेल तर

कॅप गाडीच्या नावावर घेऊ नका, इंजिनवर घ्या. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल इंजिनची कॅप वेगळी असू शकते. पार्ट नंबर जुळवा आणि तरीही जुनी-नवी शेजारी धरून रुंदी, खाचांची जागा आणि खोली पाहा. पुष्कळ कॅपवर ५डब्ल्यू-३० असा ऑइलचा ग्रेड छापलेला असतो. नव्या कॅपवर वेगळा ग्रेड दिसला तर गाडीच्या मॅन्युअलमधला ग्रेड खरा धरा.

जुन्या धाटणीच्या काही इंजिनांत कॅपमध्येच जाळी असते आणि ती कॅपच इंजिनला श्वास घ्यायची वाट देते. तिथे बंद कॅप लावली तर दाब वाढतो. बंद व्यवस्थेच्या इंजिनावर जाळीची कॅप लावली तर हिशेबाबाहेरची हवा आत जाते. दोन्ही कॅप तोंडावर छान बसतात, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही.

प्लॅस्टिक चांगलं आणि फक्त रबर गेलेलं असेल तर नुसती रिंग बदलूनही काम होतं. रिंगचा आतला व्यास आणि रबराची जाडी ही दोन्ही मापं मिलिमीटरमध्ये जुळली पाहिजेत. रबर नायट्राइल घ्या, किंवा मिळालं तर व्हायटॉन, ते २०० अंशांच्या आसपासची उष्णता सोसतं. नळाच्या कामाची रिंग मापाची दिसते म्हणून लावू नका. त्या रिंगा पुष्कळदा ईपीडीएम रबराच्या असतात आणि ईपीडीएम पेट्रोलियम ऑइलमध्ये फुगतं.

नव्या रिंगेवर स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवा, म्हणजे घट्ट करताना ती पिळवटत नाही. कॅप हातानेच लावायची. पक्कड लावली की प्लॅस्टिकची खाच तुटते आणि मग कॅपऐवजी अख्खं टॅपेट कव्हर बदलावं लागतं. गळती थांबत नाही म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप किंवा सिलिकॉन सीलंट लावणारे मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका. कॅप पुढच्या वेळी उघडली की त्याचे तुकडे आत पडतात, ऑइलबरोबर खाली संपमध्ये (ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात) जातात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर अडकतात. जाळी तुंबली की बेअरिंगला ऑइल मिळत नाही. झिरपणाऱ्या चार थेंबांसाठी इंजिन पणाला लावल्यासारखं आहे ते. जुन्या रिंगेचा तुकडा काढताना आत पडला तरी तो सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नका.

नवी कॅपही ओली झाली, तर

इथून पुढे कॅपला दोष देणं सोडा.

सगळ्यात सोपं आधी, डिपस्टिक. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पातळी बघा. वरच्या खुणेच्या बरंच वर ऑइल असेल तर क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि ऑइलचा धुरळा वर श्वसनाच्या नळीपर्यंत पोचतो. जास्तीचं ऑइल काढून टाका आणि मग पुन्हा पावडरची चाचणी घ्या.

पातळी बरोबर असेल तर आतला दाब बघायचा. त्यासाठी पातळ रबरी हातमोजा पुरतो. इंजिन बंद असताना कॅप काढा, तोंडावर हातमोजा ताणून बसवा आणि रबरबँडने पक्का बांधा, म्हणजे तो आत ओढला जाणार नाही. बाह्या सावरा, पट्टा आणि पंख्यापासून हात लांब ठेवा आणि कुणाला तरी इंजिन सुरू करायला सांगा. आयडलिंगला हातमोजा किंचित आत खेचला गेला तर श्वसन नीट चाललंय. फुगून उभा राहिला तर आत दाब आहे. कॅप नुसती उघडून ठेवण्यापेक्षा ही पद्धत मला बरी वाटते, कारण ज्या इंजिनांत टायमिंग चेन तोंडाच्या अगदी जवळ असते तिथे उघड्या तोंडातून ऑइल अंगावर उडतं. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी जोरदार ओढ नसते. थोडीशी वाफ आणि हलका भपका तिथे चालतो. पण उलटी ठेवलेली कॅप थडथडून उडून पडत असेल तर ते गंभीर आहे.

माझा हातमोजा फुगला. मग पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. माझ्या गाडीत तो टॅपेट कव्हरच्या रबरी बुचात खोचलेला होता. चांगला व्हॉल्व्ह हलवला की आत खुळखुळतो आणि इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं की ओढ स्पष्ट जाणवते. माझा मुका होता, आतली गोळी काळ्या चिकट गाळात रुतून बसली होती. ब्रीदर पाइप, म्हणजे हा वायू वाहून नेणारी नळी, बाहेरून ठणठणीत दिसत होता, पण दाबल्यावर लक्षात आलं की आतला थर सुटून पाइप अर्धा बंद झालाय. व्हॉल्व्ह आणि पाइप दोन्ही बदलले. हातमोजा पुन्हा लावला, तो आत गेला. त्या दिवसापासून कॅपभोवती ओल नाही.

सगळ्या गाड्यांत व्हॉल्व्ह असा सुटा नसतो. अनेक नव्या इंजिनांत टॅपेट कव्हरच्या आतच रबरी पडदा असतो. तो फाटला की उलटा प्रकार होतो, ओढ प्रमाणाबाहेर वाढते. शिट्टीसारखा आवाज येतो, चालू इंजिनची कॅप उचलायला जोर लागतो आणि उचलली की आवाज थांबतो. तिथे पुष्कळदा पूर्ण कव्हरच बदलावं लागतं. टर्बो गाडीत आणखी एक जागा आहे. पीसीव्हीच्या वाटेवरचा एकदिशा व्हॉल्व्ह बिघडला तर टर्बोचा दाब उलटा क्रँककेसमध्ये शिरतो. अशा गाडीची कॅप आयडलिंगला कोरडी असते आणि जोरात पळवून आणल्यावरच ओली होते.

व्हॉल्व्ह, पाइप, पडदा सगळं चांगलं असूनही हातमोजा फुगत असेल तर ब्लो-बायच जास्त आहे. म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर झिजलेत. कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब टिकतो का ते बघणाऱ्या) करून घ्या. ऑइल खाणं, निळा धूर, पिकअप कमी होणं ही लक्षणं बहुधा सोबत असतातच.

गळती नाही, पण आयडलिंग वरखाली होतंय

हाही कॅपचाच दोष असू शकतो आणि तो सगळ्यात उशिरा सापडतो, कारण बाहेर एक थेंबही दिसत नाही. सैल कॅपमधून आत गेलेली हवा एअर फ्लो सेन्सरच्या पुढे शिरलेली असते, म्हणून संगणकाच्या हिशेबात ती नसते. इंधन कमी पडतं, आयडलिंग थरथरतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१ कोड येतो, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त आणि इंधन कमी. मग ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, इंजेक्टर साफ होतात. मॅप सेन्सरवर (तो इनटेकमधला दाब मोजतो) चालणाऱ्या इंजिनांत तीच हवा बऱ्याचदा आयडलिंग चढण्याच्या रूपात दिसते. हा कोड आला की काहीही बदलण्याआधी ऑइल कॅप आणि डिपस्टिक नीट बसली आहे का ते बघा. बहुतेक पेट्रोल इंजिनांत चालू इंजिनची कॅप सैल केली की आयडलिंग बदलतं. काहीच फरक पडला नाही तर हवा आधीपासूनच कुठून तरी आत येत असेल किंवा पीसीव्ही तुंबला असेल.

कॅपच्या आतला पांढरा थर

कॅप उलटी केली की आत पांढरट-पिवळा, लोण्यासारखा थर दिसतो आणि माणूस घाबरतो, कारण कुणीतरी हेड गॅस्केट गेल्याचं सांगितलेलं असतं. बऱ्याच वेळा तसं नसतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं थोडं ब्लो-बायबरोबर आत येतं. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरत असेल तर ऑइल पुरतं तापत नाही, ही वाफ उडून जात नाही आणि इंजिनच्या वरच्या गार जागी, म्हणजे कॅपखाली, ऑइलमध्ये मिसळून बसते. थर पुसा आणि गाडी एकदा तीस-चाळीस मिनिटं सलग चालवा. थर परत आला नाही, डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ आहे आणि कूलंटची पातळी हललेली नाही, तर काळजीचं कारण नाही.

डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल, कूलंट कमी होत असेल, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर फुटून पाणी ऑइलमध्ये जातंय आणि तसं ऑइल बेअरिंगला वाचवू शकत नाही.

थर पांढरा नसून काळा, डांबरासारखा असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. हाच गाळ पीसीव्ही तुंबवतो. माझ्याही गाडीच्या आधीच्या दोन सर्व्हिस लांबल्या होत्या.

कॅपच सापडत नसेल तर

ऑइल बदलल्यावर कॅप लावायची राहून गेली असं होतं. इंजिन बंद करा. बॅटरीच्या ट्रेभोवती, वायपरखालच्या जाळीजवळ आणि खालच्या प्लॅस्टिक कव्हरवर शोधा, ती पुष्कळदा तिथेच अडकलेली सापडते. भोकात फडकं कोंबून गाडी चालवू नका. ते आत ओढलं जाऊन कॅम किंवा चेनमध्ये अडकतं, किंवा ऑइलने भिजून मॅनिफोल्डवर पडतं. उडालेलं ऑइल पुसून काढा, डिपस्टिक बघून कमी झालेलं ऑइल भरा आणि योग्य कॅप मिळेपर्यंत गाडी हलवू नका. हलवावीच लागली तर टो करून न्या.

माझ्या गाडीतून काढलेली दुसरी कॅप मी जपून ठेवली होती. व्हॉल्व्ह बदलल्यानंतर तिची रिंग नखाने दाबून पाहिली, रबर लगेच वर आलं. ती पुसून, पिशवीत घालून डिकीत ठेवली आहे, कधी कॅप हरवली तर लावायला.